लेखनक्रियेचा समास

माघ वद्य नवमी जवळ आली की दासबोधाची पारायणे सुरू होतात. गोदाकाठच्या गावांतून ती जशी होतात, तशीच मुसी नदीच्या काठी वसलेल्या आमच्या हैदराबादेतील मराठी घरांतूनही होतात. पारायणात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आला की श्रोत्यांचे लक्ष थोडे सैल पडते, हा प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. येथे ब्रह्म नाही, माया नाही, सद्गुरूची स्तुती नाही, मूर्खाची लक्षणेही नाहीत. येथे आहेत सुऱ्या, कातऱ्या, कागद, बोरू, शाई आणि बासने! 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा हा समास वाचणारा भराभर वाचतो, आणि ऐकणारा त्याला दोन गहन विषयांमधील विसावा मानतो. परंतु अक्षर काढण्याचे काम हाताने जवळजवळ सोडून दिले आहे अशा आजच्या काळात हा समास केवळ विसाव्याचा राहिलेला नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून त्याचा थोडा बारकाईने विचार करण्याचे योजिले आहे.

समर्थ या समासात काय सांगतात? बाळबोध अक्षर घोटून घोटून असे सुंदर करावे की जाणत्याला ते पाहताच समाधान व्हावे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी. ओळींना त्यांनी मोत्यांच्या माळेची उपमा दिली आहे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर पाहता सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला आहे असे वाटले पाहिजे. ओळ ओळीला लागू नये, वरची लांब अक्षरे खालच्या ओळीत शिरू नयेत. तरुणपणी डोळा तीक्ष्ण असतो म्हणून फार बारीक लिहू नये, कारण तेच अक्षर म्हातारपणी वाचावयाचे असते. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडणार नाही. यापुढे कागद कसा निवडावा, देशोदेशीचे बोरू कसे आणावे, शाईचा संग्रह कसा करावा, आणि शेवटी बासने, मेणकापडे, पेट्या व कुलुपे यांनी पोथीचे रक्षण कसे करावे, येथवर निरूपण जाते.

वाङ्मयदृष्ट्या पाहता या समासाचा पहिला विशेष हा की, त्यात लिहिणाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाला कोठेही स्थान नाही. आज हस्ताक्षराची बाजू घेऊन बोलणारे बहुतेक लोक एकच गोष्ट सांगतात: अक्षर हा माणसाच्या मनाचा आरसा आहे, त्यात त्याचा जिव्हाळा उतरतो, छापील किंवा पडद्यावरील अक्षर कोरडे असते. हे बोलणे गोड आहे. परंतु समर्थांना ते मानवले असते असे दिसत नाही. पहिल्या पानावरचा हात आणि शेवटच्या पानावरचा हात यांत फरक दिसू नये, म्हणजे मधल्या काळात लेखकाला आलेला कंटाळा, आजार, घाई यांचा माग पानावर राहू नये, ही त्यांची अपेक्षा. आरसा होणे दूरच राहो, हाताने स्वतःला लपवावे असे ते सुचवितात. समासातील एकूणएक नियम वाचणाऱ्याकडे पाहून केलेला आहे. म्हाताऱ्या डोळ्यांची चिंता आहे ती वाचणाऱ्यासाठी. कडेला सोडलेली जागा आहे ती अजून जन्मासही न आलेल्या वाचकासाठी. ही आत्माविष्काराची कला नसून परसेवेची शिस्त आहे.

असे म्हटल्यावर एक अडचणीचा निष्कर्ष पत्करावा लागतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सम अक्षर, काळी शाई, न भिडणाऱ्या ओळी, सोडलेला समास, वयाप्रमाणे लहानमोठे करता येणारे अक्षर, हेच जर ध्येय असेल, तर ते यंत्राने गाठले आहे. भ्रमणध्वनीवर दासबोध वाचणाऱ्या आजोबांना दोन बोटांच्या खुणेने अक्षर मोठे करता येते. समर्थांनी ते पाहिले असते तर तक्रार केली नसती, कदाचित संतोषच मानला असता. मग हाताने लिहिण्याचे प्रयोजन काय उरले?

याचे उत्तर समासाच्या नावातच आहे. समर्थांनी याला अक्षरनिरूपण म्हटलेले नाही. लेखन*क्रिया*निरूपण म्हटले आहे. अक्षर हे फळ, लेखन ही क्रिया. यंत्र फळ देते. क्रिया देत नाही. शिवाय या समासाचे स्थान पाहावे. या दशकाचे नाव 'शिकवण'. त्यातील पहिला समास लेखनाचा, आणि लगेच दुसरा विवरणाचा, म्हणजे अर्थाचा. आरंभीच समर्थ सांगतात की मागे लेखनाचे बोलणे झाले, आता अर्थाचे ऐकावे. हा क्रम सहज पडलेला नाही. आधी शब्द हातातून जावा, मग तो बुद्धीत उतरावा, अशी ही पायऱ्यांची मांडणी आहे. ग्रंथ लिहून काढणे म्हणजे तो शक्य तितक्या सावकाशीने वाचणे होय. जी ओवी पाहण्यास डोळ्याला क्षण पुरतो, तिला हातापाशी मिनिट लागते. आणि त्या एका मिनिटात चुकीचा समजलेला शब्द, न कळलेला संधी, आजवर नजरेतून निसटलेली मात्रा आपोआप पुढे येते.

येथे कोणी म्हणेल की जुन्या काळी सारेच सावकाश होते, आजच्या घाईला हा उपदेश लागू पडत नाही. इतिहास मात्र वेगळे सांगतो. घाई ही डिजिटल युगाची निर्मिती नव्हे. समर्थांच्या काळीच महाराष्ट्रात दोन हात नांदत होते. कचेरीचा, पत्रांचा, हिशेबांचा हात मोडी लिहीत होता. पोथीचा हात बाळबोध लिहीत होता. मोडीत आधी रेघ ओढून तिच्या आधाराने, लेखणी शक्यतो न उचलता, अक्षर धावते. वेग हाच तिचा गुण. फार्सीतही तसेच. आमच्या हैदराबादच्या पुराभिलेखागारात औरंगजेबाच्या कारकीर्दीतील मोगल दप्तराचे सुमारे दीड लाख कागद आहेत. अशा दप्तरी कागदांतील शिकस्ता वळणाचे अक्षर इतके मोडलेले असते की फार्सी जाणणाराही तेथे अडखळतो. कचेरीला सौंदर्य नको असते, निकाल हवा असतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे भ्रमणध्वनीवरील लेखन ही मोडीची वारसदार ठरते. निरोप, हिशेब, बोलावणे, पोच यांसाठी ते उत्तम आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. आपली चूक यंत्र वापरण्यात नाही. जुन्या माणसाजवळ वेगाचा एक हात होता आणि सावकाशीचा एक हात होता; आपण वेगाचा हात बदलला तो ठीकच, पण त्याबरोबर सावकाशीचा हातही टाकून दिला. आज जे हरवले ते लेखन नव्हे, बाळबोध लेखनाची बैठक होय.

सावकाश हात निर्दोष असतो, असे मात्र कोणी समजू नये. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मराठवाड्यातच, १९५६ सालापर्यंत ज्याचा कारभार याच शहरातून चाले त्या मुलुखात, याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. पहिले पैठणचे. ज्ञानेश्वरी सुमारे तीनशे वर्षे हातोहात लिहिली गेली आणि प्रत्येक हाताने तिच्यात काही ना काही मिसळले. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथ महाराजांना अनेक प्रती ताडून पाहून तिचे शुद्धीकरण करावे लागले, आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असा इशाराही द्यावा लागला. दुसरे उदाहरण परांडा तालुक्यातील डोमगावचे. तेथील मठात समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची म्हणून जी दासबोधाची प्रत परंपरेने जपली गेली, तिच्या आधारे विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी दासबोध छापून काढला. एका ठिकाणी हातांनी ग्रंथ बिघडवला, दुसऱ्या ठिकाणी एका हाताने तो राखला.

परंतु या बिघाडातही एक मर्म आहे. निरनिराळ्या हातांच्या चुका निरनिराळ्या असतात. म्हणूनच प्रती समोरासमोर ठेवल्या म्हणजे खरा पाठ शोधता येतो. नाथांनी तेच केले. यंत्राची चूक मात्र एकच असते आणि ती लक्षावधी ठिकाणी तंतोतंत तशीच उमटते. कोणातरी हौशी कवीच्या ओळी तुकोबांचे नाव लावून आज सकाळी निघतात आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचतात. त्यांना ताडून पाहण्यासाठी दुसरी प्रतच नसते, कारण सगळ्या प्रती एकच असतात. पुढे पाठविणाऱ्याने त्यातील एकही अक्षर स्वतः लिहिलेले नसते, पुष्कळदा वाचलेलेही नसते. जुना नकलाकार चुकत असे, पण निदान प्रत्येक शब्दापाशी तो थांबलेला असे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलाकारांचे ठराविक संस्कृत श्लोक असत, ते अनेकांनी पाहिले असतील. एकात तो म्हणतो की पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली डोके घालून, मोठ्या कष्टाने हे लिहिले आहे, तरी यत्नाने सांभाळावे. दुसऱ्यात पोथीच विनविते की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा, मूर्खाच्या हाती देऊ नका. तिसऱ्यात तो मोकळेपणाने हात झटकतो: जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला लावू नये! या तीन श्लोकांत कष्ट, प्रेम आणि थोडी लबाडी अशी माणसाची सगळी तऱ्हा आहे. समर्थांचा समास या तिसऱ्या श्लोकाला उत्तर म्हणूनही वाचता येईल. दोष मला लावू नका असे म्हणण्याची वेळच येऊ नये, इतके सावध लिहा, असे ते सांगत आहेत.

समासाची एक मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे. उपदेश ब्राह्मणाला उद्देशून आहे. कारण त्या काळी लेखणी मूठभरांच्याच हाती होती. बहुजन समाज आणि जवळजवळ सर्व स्त्रिया तिच्यापासून दूर ठेवल्या गेल्या होत्या. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा पाटीवरचे पहिले अक्षर काढणे हीच केवढी मोठी घटना होती! छपाईने आणि पुढे यंत्राने ज्ञानाचे दार उघडले, ते हाताने लिहिलेल्या पोथीला कधीच उघडता आले नसते. ज्याचा हात थरथरतो त्याला बोलून लिहिता येते, ज्याला दिसत नाही त्याला ऐकून वाचता येते, हे यंत्राचे उपकार आहेत. म्हणून हस्तलेखनाचा पुरस्कार हा जुन्या व्यवस्थेचा पुरस्कार होता कामा नये. उलट, जे थोड्यांचे होते ते सर्वांच्या हाती आल्यावर आपण ते टाकून द्यावे, ही खरी हळहळण्याची गोष्ट आहे.

शास्त्रज्ञांचे काय म्हणणे आहे, असे आजचा तरुण विचारील. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, व्याख्यानाची टिपणे हाताने घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी संकल्पनांवरच्या प्रश्नांना कळफलकावर टिपणे घेणाऱ्यांपेक्षा अधिक चांगली उत्तरे दिली. कळफलकावर ऐकलेले सारे जसेच्या तसे उतरते; हाताला तो वेग नसल्यामुळे त्याला निवड करावी लागते, आणि निवड म्हणजेच विचार. पुढे हाच प्रयोग इतरांनी केला तेव्हा फरक तितका ठळक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली प्रसिद्ध झालेला नॉर्वेतील अभ्यास अधिक सूचक आहे. ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-हालचाली मोजल्या असता, कळा दाबताना जे आढळले नाही ते अक्षर काढताना आढळले: मेंदूच्या निरनिराळ्या भागांत परस्परसंबंध अधिक विस्तृत होते. गंमत अशी की, हे विद्यार्थी कागदावर लिहीत नव्हते. डिजिटल लेखणीने काचेच्या पडद्यावरच लिहीत होते. तेव्हा भांडण कागद आणि काच यांचे नाही. अक्षर घडविणे आणि अक्षर निवडणे, यांच्यातील हा फरक आहे.

हा फरक आमच्या हैदराबादेतील मराठी घरांना विशेष जाणवावा असा आहे. येथील मुले शाळेत इंग्रजी शिकतात. २०१८ च्या कायद्याप्रमाणे तेलुगूही शिकतात, आणि ज्या मातीत राहावयाचे तिची भाषा शिकणे हे योग्यच आहे. बहुतेकांना हिंदीमुळे देवनागरीची ओळख असते. म्हणून आईबाप निश्चिंत असतात. परंतु मराठीचा 'ळ', 'दुसऱ्या'तील अर्धा 'र', आपले ऱ्हस्वदीर्घ, हे हिंदीच्या वहीत भेटत नाहीत. मुलगा आजीला निरोप पाठवितो तो रोमन कळा दाबून. 'क'साठी एक, 'ल'साठी एक कळ दाबली की यंत्र काल, काळ, कल, कळ असे पर्याय पुढे करते आणि मुलगा त्यांतला एक उचलतो. त्याने अक्षर ओळखले, घडविले नाही. ओळख फार लवकर पुसट होते, हाताची सवय सहसा जात नाही.

हे भय काल्पनिक नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आमच्या घरोघर होती. हात मोडी लिहीनासा झाला, आणि दोन पिढ्यांत डोळाही ती वाचीनासा झाला. प्रस्तुत लेखकाच्या घरी आजोबांच्या हातची एक मोडी वही आहे. तीत कर्जाचा हिशेब आहे की अभंग, हे घरातील एकालाही सांगता येत नाही. २०१४ साली मोडीला युनिकोड या जागतिक अक्षरसंचात स्थान मिळाले, आता ती कोणत्याही संगणकावर उमटू शकते. परंतु यंत्राला अक्षर आले म्हणून आमच्या घरातील वही बोलू लागली नाही.

कोंकणी वाचकांना ही गोष्ट निराळ्या रीतीने ठाऊक आहे. कोंकणी गद्यातील रामायण-महाभारताच्या जुन्या कथा आज उपलब्ध आहेत त्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात राहिलेल्या हस्तलिखितांमुळे, आणि तीही रोमन लिपीत. परक्या मिशनऱ्यांच्या प्रयोजनासाठी का होईना, कोणीतरी त्या हाताने उतरून काढल्या म्हणून त्या वाचल्या. लिपी बदलली तरी भाषा जगते, हे कोंकणीने सिद्ध केले आहे आणि रोमन लिपीतही तिने आपले साहित्य फुलविले आहे. म्हणून लिपीचा हटवाद आम्ही करीत नाही. परंतु कोंकणीला आपले धन पाहण्यासाठी समुद्रापार जावे लागले, हेही खरे. आमच्या मुलांना दासबोध पाहण्यासाठी तसे दूर जावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.

याच शहरात शेजारच्या तेलुगू घरांतून 'रामकोटी' लिहिण्याची प्रथा आपण पाहतो. वहीच्या बारीक चौकटींत रामनाम लिहीत जावयाचे आणि भरलेल्या वह्या भद्राचलमसारख्या क्षेत्री देवाला अर्पण करावयाच्या. या प्रथेकडे केवळ संख्येचा सोस म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. मन सैरभैर धावले तर वही भरेल आणि हाती काही लागणार नाही, हे खरे. पण तो धोका मण्यांच्या माळेलाही आहे. हाताला काम दिले म्हणजे मनाला परत येण्यास एक जागा राहते, हे त्यातील शहाणपण आहे. लेखनक्रियेचा समास आणि रामकोटीची वही ही एकाच विचाराची दोन रूपे होत.

तेव्हा या पारायणात एकोणिसाव्या दशकाशी आल्यावर घाई करू नये. वाचून झाल्यावर घरातील लहान मुलापुढे एक कोरी वही ठेवावी आणि रोज एक ओवी त्याच्याकडून लिहवून घ्यावी. शेजारी बसून आपणही एक लिहावी. अक्षर वेडेवाकडे येईल, ओळी एकमेकींत शिरतील, 'ळ' उलटा पडेल. त्याला रागावू नये. दासबोधात सुमारे पावणेआठ हजार ओव्या आहेत. रोज एक लिहिली तर एकवीस वर्षे लागतील, आणि इतक्या अवकाशात कोणाचेही अक्षर सुधारते. वही भरली की तिला चांगले बासन बांधावे. आणि लिहिताना पानाची कड मात्र मोकळी सोडावी. ती पुढे कोण वाचणार आहे, हे आपल्याला आज ठाऊक नाही.